पाणी शिवणीतून शिरते : लेप दिलेल्या कापडाचे घरगुती शिवणकाम



मृगाचा पाऊस सुरू झाला की वर्धा जिल्ह्यात घरोघरी ताडपत्री, बरसाती आणि रेनकोट बाहेर निघतात. मुलांची दप्तरे, बाजारात न्यायचा कापूस, कोठीतले धान्य आणि शेतात राबणारी माणसे या सर्वांना आच्छादन हवे असते. पाणी न शिरणारे, लेप दिलेले कापड आज तालुक्याच्या बाजारातही मीटरवर मिळते आणि शिवणयंत्र तर अनेक घरांत आहेच. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या महात्मा गांधींनीही 1924 साली शिवणयंत्राचा अपवाद केला होता, आणि पुढे 1936 साली ते याच जिल्ह्यातील सेवाग्रामी राहावयास आले. असे असूनही घरी शिवलेली पावसाळी वस्तू पहिल्याच सरीत गळते, असा अनुभव अनेक भगिनींना येतो. आमची पहिली पिशवी अशीच गळाली होती. कापड उत्तम होते. दोष आमच्या शिवणीचा होता.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. सुती कापडात सुई शिरते तेव्हा धागे बाजूला सरतात आणि सुई निघाल्यावर पुन्हा जवळ येतात. लेप दिलेल्या कापडावर मात्र प्लास्टिकचा किंवा रबराचा सलग पापुद्रा असतो. त्यात पडलेले छिद्र बुजत नाही. ही अडचण जुनीच आहे. चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी 1823 साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापड तयार केले, तेव्हा शिंप्यांच्या सुईने पडलेल्या छिद्रांतूनच त्या कोटांत पाणी शिरू लागले होते. म्हणून या कामाचा पहिला नियम असा : शिवण जितकी कमी तितके उत्तम, आणि जी घालावीच लागेल ती पाण्याच्या वाटेपासून दूर असावी.

प्रथम कापड ओळखावे. पातळ नायलॉन वा पॉलिस्टरच्या आतल्या बाजूस पॉलियुरेथेनचा लेप असतो. रेनकोट व दप्तराच्या खोळीस ते योग्य. पीव्हीसीचा लेप असलेले कापड आणि रेक्झीन जाड व जड असते. ॲप्रन आणि आच्छादनास ते बरे. घेण्यापूर्वी कापडाचा तुकडा वाटीवर सैल बसवून त्यात पाणी घालावे व तासाभराने खालची बाजू कोरडी आहे का ते पाहावे.

कापताना टाचण्या लावू नयेत. प्रत्येक टाचणी म्हणजे एक छिद्र. कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत. खुणा आतल्या बाजूस खडूने कराव्यात. इस्त्री फिरवू नये, लेप वितळतो. घडी बोटांनी दाबून तीवर लाटणे फिरवावे. पातळ कापडास 14 नंबरची व जाड कापडास 16 नंबरची नवी, तीक्ष्ण सुई वापरावी. चामड्याची सुई वापरू नये, कारण ती कापडाला चीर पाडते. दोरा पॉलिस्टरचा घ्यावा. सुती दोरा पाणी शोषून घेतो आणि कालांतराने कुजतो. टाका तीन ते चार मिलिमीटरचा, म्हणजे नेहमीपेक्षा लांब असावा. टाके फार जवळ पडले तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेप्रमाणे कापड त्या रेषेवर फाटते. यंत्राच्या फूटखाली लेप चिकटून कापड पुढे सरकत नसेल, तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून तिच्यासकट शिवावे आणि नंतर कागद फाडून काढावा. उसवण्याची वेळ येऊ देऊ नये. आधी जुन्या साडीच्या तुकड्यावर पूर्ण वस्तू कच्ची शिवून पाहावी. तो अर्धा तास वाया जात नाही.

शिवण घालताना कवेलूचे छप्पर डोळ्यांपुढे आणावे. वरचे कवेलू खालच्यावर येते, म्हणून पाणी वरच्या वर ओघळून जाते. तसेच वरच्या तुकड्याची कड खालच्या तुकड्यावर यावी. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिवण घातली की कापडाची उघडी कड आत झाकली जाते. तरीही छिद्रे उरतातच. त्यांसाठी आतल्या बाजूने शिवणीवर त्या कापडास चालणारे सीलर ब्रशने लावावे व पूर्ण वाळू द्यावे. पॉलियुरेथेनच्या लेपास पॉलियुरेथेनचे आणि पीव्हीसीस पीव्हीसीचेच सीलर चिकटते. हे काम उघड्या दारा-खिडक्यांत, चुलीपासून दूर करावे. मेण घासल्यानेही पाणी काही काळ अडते, पण ते उन्हाने व वापराने निघून जाते.

दप्तराच्या खोळीतून पाणी शिरले तर एखादी वही भिजेल. परंतु याच कापडाची एक वस्तू अशी आहे की जिच्या शिवणीवर माणसाचे आरोग्य अवलंबून असते. ती म्हणजे फवारणीचा ॲप्रन. वर्धा नदीपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कीटकनाशक केवळ श्वासावाटे नव्हे, तर त्वचेवाटेही शरीरात जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कपाशी छातीएवढी वाढलेली असते. ओली पाने अंगाला घासतात आणि पाठीवरचा पंप पाझरतो. सुती सदरा हे विषारी पाणी शोषून दिवसभर अंगाशी धरून ठेवतो.

असा ॲप्रन शिवताना समोर किंवा पाठीवर एकही शिवण असू नये. सुमारे अडीच मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असा एकच तुकडा घ्यावा, मध्ये गळा कापावा व तो पुढे-मागे गुडघ्याखालपर्यंत सोडावा. खांद्यावर शिवण नको, घडीच असावी. गळा डोके जेमतेम जाईल इतकाच ठेवावा आणि त्याची फट खांद्याच्या रेषेत एका बाजूस घेऊन तीवर झाकणपट्टी लावावी. बाजूचे बंद कडेच्या दुमडीवर, खाली जास्तीचा तुकडा ठेवून शिवावेत. बाह्यांसाठी वेगळ्या नळ्या शिवून त्यांची शिवण हाताच्या आतल्या बाजूस ठेवावी. दोन्ही बाजू उघड्या राहिल्याने वारा लागतो, आणि हे महत्त्वाचे आहे. या कापडातून घाम बाहेर पडत नाही व दमट उन्हात जीव घाबरा होतो. त्यामुळे फवारणी सकाळी लवकर उरकावी व अधूनमधून सावलीत थांबावे.

येथे एक इशारा आम्ही स्पष्ट शब्दांत देतो. पाणी अडवणारे कापड प्रत्येक रसायन अडवतेच असे नाही. घरचा ॲप्रन हा पाण्यात मिसळलेल्या औषधाच्या शिंतोड्यांपासूनचा आडोसा आहे, प्रमाणित संरक्षक पोशाख नव्हे. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, लांब बाह्यांचा सदरा व पायांत बूट हवेतच. डब्यावरील लाल, पिवळी, निळी वा हिरवी खूण पाहावी. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी. डब्यावर दिलेल्या सूचना घरातील शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्याव्यात. चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे जाणवल्यास फवारणी तत्काळ थांबवावी, अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि डब्यासह दवाखाना गाठावा.

वापरलेला ॲप्रन विहीर व नाल्यापासून दूर, हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवावा. घरच्या कपड्यांत मिसळू नये. सावलीत वाळवून, घडी न घालता गुंडाळून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. लेप चिकट झाला, तडकला किंवा सुटू लागला तर तो ॲप्रन टाकून द्यावा, त्याच्या पिशव्या शिवू नयेत.

महिला मंडळातील भगिनींना आमची विनंती आहे की प्रथम दप्तराची खोळ शिवून हात बसवावा आणि मगच ॲप्रन हाती घ्यावा. शिवून झालेली प्रत्येक वस्तू देण्यापूर्वी उलटी टांगून तिच्या शिवणीवर तांब्याभर पाणी ओतावे व आतून हात फिरवून पाहावा. हात कोरडा राहिला तरच ती घरच्या माणसाच्या अंगावर घालावी.