शिकाऊ ताईंचं शिक्षण आणि आपलं मन



आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली, जीव घाबरायचा, बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना. आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एका शिकाऊ मुलीनं कागद पुढे ठेवून प्रश्न विचारले. सासूबाई शेजारीच बसलेल्या. ताई ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोलली. महिन्यानं गेलो तर ती मुलगी बदलून गेलेली. नव्या मुलीला सगळं पहिल्यापासून सांगा! तिसऱ्यांदा ताई आलीच नाही. पुढे आशाताईंनी समजावलं, तेव्हा कुठे उपचार पुन्हा सुरू झाले.

त्या मुली वाईट नव्हत्या. त्यांचं शिक्षण अपुरं पडलं.

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून ठरावीक पद्धतीनं उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. एम.ए. नंतर दोन वर्षांचं एम.फिल. हा बरीच वर्षं त्यासाठीचा मुख्य रस्ता राहिला. त्यात पुस्तकाइतकंच रुग्णासोबतचं काम महत्त्वाचं.

रोवणी बांधावर उभं राहून शिकता येत नाही. चिखलात उतरावं लागतं आणि शेजारी जुनी, हात बसलेली बाई लागते. इथंही तसंच आहे. म्हणून आम्हाला तीन सुधारणा हव्यात.

पहिली, शिकाऊ ताईंनी काही महिने ग्रामीण रुग्णालयात आणि गावात काढावेत. आपली बाई ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. ‘डोकं भणभणते, कशात जीव लागत नाही’ म्हणते. झाडीबोली, गोंडी कानावर पडल्याशिवाय हे कळणार कसं?

दुसरी, अनुभवी गुरूनं प्रत्येक रुग्णाबद्दल त्यांच्याशी नियमित बोलावं आणि चूक तिथंच दाखवावी. बाईशी एकटीनं बोलायचं असतं, हेही तिथंच शिकता येतं.

तिसरी, नीट सोपवणी. गटाची सचिव बदलली की आपण नोंदवही, पासबुक सगळ्यांसमोर नवीच्या हाती देतो. रुग्णाचंही तसंच व्हावं. मात्र तिथं सगळ्यांसमोर नाही. जुन्या ताईनं रुग्णाला विचारून नवीशी गाठ घालून द्यावी.

आपणही गप्प बसू नये. ‘तुम्ही शिकताय का? तुमच्यावर कोण आहे?’ हे विचारावं. ‘मला एकटीनं बोलायचं आहे’ म्हणावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं आपली गोष्ट गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. शिकाऊ ताई गावात आल्या तर ग्रामसंघाच्या बैठकीत बोलवा. आपलं रोजचं जगणं त्यांना दिसू द्या, पण कुणाचं नाव घेऊन घरची गोष्ट सांगू नका.

मन जड झालं तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार कुणी बोलून दाखवले, तर तिला एकटी सोडू नका. लगेच दवाखान्यात न्या.

आपण बोललो, तर त्या शिकतील. त्या नीट शिकल्या, तर पुढची ताई उपचार अर्ध्यावर सोडणार नाही.