धाकट्या जावेची गोष्ट

जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर कर्जतचा फाटा फुटतो ते चौक गाव. तालुका खालापूर. नेताजी पालकर मूळचा इथला, असं मानतात. शिवाजी महाराजांचा सरनोबत, लोकांच्या तोंडी ‘प्रतिशिवाजी’. याच फाट्यावरून कर्जतच्या दिशेने थोडं आत गेलं की नितीन देसाईंनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ लागतो. ‘राजा शिवछत्रपती’ ही २००८ साली सुरू झालेली मालिका तिथे चित्रित झाली. म्हणजे सरनोबताच्या खऱ्या गावाशेजारीच प्लायवूड आणि प्लास्टरचे किल्ले उभे राहिले, आणि त्यांच्या सदरेवर नेताजी चार-दोन वाक्यं बोलून मुजरा करून बाजूला झाला.

मालिका पाहणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही. १६६६ मध्ये हा माणूस महाराजांपासून तुटतो, आधी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे जातो. औरंगजेब त्याला पकडवतो, बाटवतो, महंमद कुलीखान हे नाव देऊन काबूलकडे धाडतो. १६७६ मध्ये तो परत येतो आणि महाराज त्याला शुद्ध करून घेतात. मधल्या दहा वर्षांत त्याच्या घरच्यांचं काय झालं? त्याच्या बायकांनी कुंकू कोणाच्या नावाने लावलं? शिवचरित्रात या प्रश्नांना जागा नाही, आणि नसावीही, कारण ती गोष्ट महाराजांची आहे. पण वाचकाचं मन तिथे अडकतं ते अडकतंच.

इंग्रजीतल्या प्रेमकादंबऱ्यांनी या अडकलेल्या मनावर अख्खा धंदा उभा केला. ज्युलिया क्विन या अमेरिकी लेखिकेने २००० ते २००६ या काळात ब्रिजर्टन घराण्यावर आठ कादंबऱ्या लिहिल्या. भावंडं आठ, पुस्तकं आठ. एकीच्या लग्नात जो भाऊ कोपऱ्यात उभा राहून टोमणे मारतो, तो पुढच्या पुस्तकात नायक होतो. डिसेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची मालिका आली आणि कर्जत लोकलच्या लेडीज डब्यातही मोबाइलवर ती दिसू लागली. तिसऱ्या पर्वात मालिकावाल्यांनी पुस्तकांचा क्रम मोडला. बेनेडिक्टची पाळी असताना पेनेलोपीची गोष्ट पुढे घेतली. ही पेनेलोपी म्हणजे शेजारघरची, भिंतीला टेकून बसणारी, कुणी नाचायला न बोलावलेली मुलगी. दोन पर्वं लोकांनी तिच्यासाठी जीव टांगला होता, ती किंमत निर्मात्यांनी ओळखली. राणी शार्लटचं तर आणखी नवल. क्विनबाईंच्या मूळ कादंबऱ्यांत ती पात्र म्हणून नाहीच. मालिकेत शोभेला आणली, लोकांना आवडली, आणि २०२३ मध्ये तिच्या तरुणपणाची स्वतंत्र मालिका निघाली.

युक्ती जुनी आहे. जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेच्या ‘द ब्लॅक मॉथ’ या १९२१ च्या कादंबरीत एक सरदार खलनायक आहे, आणि नायकापेक्षा तोच लक्षात राहतो. पाच वर्षांनी तिने नाव थोडं बदलून त्यालाच ‘दीज ओल्ड शेड्स’चा नायक केलं. मग त्याच्या मुलाची कादंबरी आली, आणि १९३७ मध्ये नातवंडा-पतवंडांच्या पिढीची. खलनायकाला कुटुंबकबिला मिळाला.

प्रेमकथेला अशी युक्ती का लागते? गुप्तहेराला नवा खून पुरतो. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड शेकडो पुस्तकं पुरले, कारण गुन्हेगार बदलत राहिले. प्रेमिकांचं तसं नाही. एकदा लग्न लागलं की त्यांच्याकडे सांगण्यासारखं उरत नाही. पुन्हा भांडायला लावलं तर वाचक चिडतो, गोडीने नांदवलं तर पेंगतो. तेव्हा त्यांना नांदू द्यायचं आणि नजर नवरीच्या धाकट्या बहिणीकडे वळवायची. घर तेच, जिना तोच, सासू तीच, माणूस नवा. माझं मत असं की या मालिकांचा वाचक जोडप्यासाठी परत येत नाही, तो घरासाठी येतो. मागच्या पुस्तकातली जोडी नव्या पुस्तकात जेवायला आलेली दिसली की त्याला बरं वाटतं, मात्र ती जेवून लवकर निघालेलीच बरी.

मराठीत प्रेमकादंबऱ्या ढिगाने होत्या. सुमती क्षेत्रमाडे, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर यांच्या पुस्तकांवर तालुक्याच्या गावांतली वाचनालयं चालली. चंद्रकांत काकोडकरांची पुस्तकं कव्हर घालून घरी नेली जायची. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा निघाला. दिवाळी अंकाच्या वाचकांना एक गोष्ट सांगायलाच हवी: ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या काकोडकरांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. पण या सगळ्या कादंबऱ्या सुट्या सुट्या होत्या. पान संपलं, लग्न झालं, पुस्तक परत करून दुसरं घेतलं. धाकट्या बहिणीची गोष्ट कुणी लिहिली नाही.

ती भूक मराठी वाचकाने दुसरीकडे भागवली, पेशव्यांच्या घरात.

नीट पाहिलं तर शनिवारवाडा ही मराठीतली सर्वांत लांबलेली प्रेमकथामाला आहे. तिला एक लेखक नाही, ठरवून दिलेला क्रम नाही, प्रकाशक एक नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची. माधवराव आणि रमाबाई, थेऊर, क्षय, आणि १७७२ मधलं सती जाणं. इतिहासाची पुस्तकं न उघडणाऱ्या हजारो बायकांनी ती वाचली, आणि वाचली ती प्रेमकथा म्हणूनच. १९७२ मध्ये ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आली, तिथे दोन पिढ्या मागे बाजीराव आणि मस्तानी. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’मध्ये (१९८८) सदाशिवरावभाऊ. म्हणजे पुस्तकं उलटसुलट क्रमाने आली, पण वाचकाच्या डोक्यात घर एकच बांधलं गेलं. ‘स्वामी’त जी गोपिकाबाई करडी सासू म्हणून भेटते, तिचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला आहे हे ‘पानिपत’ वाचल्यावर नव्याने टोचतं, आणि ‘स्वामी’ पुन्हा उघडावीशी वाटते.

यात इनामदारांचं काम मला सर्वांत धीट वाटतं. मुख्य माणसाला बाजूला ठेवून ते कडेच्या माणसाकडे जात. ‘झेप’ त्रिंबकजी डेंगळ्यांची, ‘झुंज’ यशवंतराव होळकरांची, ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावाची, ज्याला शाळेच्या पुस्तकात एका ओळीत पळपुटा म्हणून संपवतात. आणि ‘शिकस्त’ पार्वतीबाईंची. भाऊसाहेबांची बायको, गोपिकाबाईंची धाकटी चुलतजाऊ. पानिपतानंतर नवरा गेला हे तिने मानलंच नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला. नवऱ्याच्या नावाची चौकशी चालू आहे, साक्षी निघत आहेत, आणि आत माजघरात त्याची बायको बसली आहे. पानिपतच्या लढाईवरच्या कुठल्याही पुस्तकात ही बाई दोन परिच्छेदांची. तिला अख्खं पुस्तक देणं हा निर्णयच कादंबरी आहे.

पडद्यावर हेच झालं. दूरदर्शनच्या ‘स्वामी’त मृणाल कुलकर्णींनी रमाबाई केली होती. २०१४ मध्ये त्यांनीच ‘रमा माधव’ दिग्दर्शित केला आणि त्यात स्वतः गोपिकाबाई झाल्या. सुनेची भूमिका करणारी सासूच्या भूमिकेत आली आणि दोन्ही वेळा घर तेच होतं. ‘राऊ’वरून २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ निघाला. त्या सिनेमातून बाहेर पडताना बायकांच्या तोंडी मस्तानीपेक्षा काशीबाई जास्त होती. काशीबाईंना नाचवलं म्हणून पुण्यात वाद झाले ते वेगळे, पण २०२१ मध्ये हिंदीत थेट काशीबाईंच्या नावाची मालिका आली, ही त्याच ओढीची पावती. दिग्पाल लांजेकरांनी शिवकाळावर सिनेमांची माळ बांधली तीही अशीच: ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी, ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू, ‘सुभेदार’मध्ये तानाजी. महाराज प्रत्येकात आहेत, पण गोष्ट दर वेळी दुसऱ्याची.

कडेच्या माणसात असं काय असतं? पहिल्या पुस्तकात त्याच्याबद्दल आपलं मत बनलेलं असतं, तेही फारसा विचार न करता. गोपिकाबाई खाष्ट, काशीबाई बिचारी, दुसरा बाजीराव नेभळट. नवं पुस्तक त्या मताला हात घालतं. नायकाच्या बाबतीत ही मजा नाही, त्याला आपण पहिल्या पानापासून आतून पाहत असतो. कडेच्या माणसाला पाहिलेलं असतं दारातून येता-जाताना. ओळखीच्या शेजारणीचं खरं दुःख दहा वर्षांनी कळावं तसं ते लागतं.

पण यात एक खोड आहे आणि ती मराठीत फार बोकाळली आहे. कडेच्या माणसाला मध्ये आणलं की लेखक त्याला धुऊन काढतो. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. तिने कर्णाला घराघरांत पोहोचवलं, हे खरं. पण त्या कादंबरीनंतर भरसभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा कर्ण लोकांना आठवेनासा झाला, हेही खरं. त्याच साली इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. त्यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण एकेकाला समोर बसवलं आणि कुणालाही सूट दिली नाही. दोन्ही पुस्तकं कडेच्या माणसांची, पण एक वकिलाचं आणि दुसरं न्यायाधीशाचं. खप वकिलाचा जास्त होतो.

‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं असंच झालं. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा. २०१६ च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मरणाने होते. अण्णा म्हणजे त्या घरावरची सावली आणि शेवंता म्हणजे कुजबुजत घेतलेलं नाव. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात काळ मागे नेला आणि ही दोघं मध्यभागी आली. शेवंता महाराष्ट्रभर लाडकी झाली आणि अण्णा, ज्याने जमिनी बळकावल्या, माणसं मारली, तो म्हातारा लोकांना गमतीदार वाटू लागला. प्रेमकथेचं हे सामर्थ्य म्हणा की लबाडी. दोघांना एका चौकटीत पुरेसा वेळ ठेवलं की प्रेक्षक बाकीचा हिशेब विसरतो.

आमच्या खालापूर-कर्जत तालुक्यांपुरतं बोलायचं तर इथे अशी अर्धवट सोडलेली माणसं फार. हा सगळा पट्टाच वाटेवरचा. पुण्याहून कोकणात उतरणारी फौज, मिठाचे बैल, पुढे रेल्वे, सगळं इथून गेलं आणि बखरीत मुक्कामाचं गाव लिहिलं गेलं, वाटेचं नाही.

चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शायिस्तेखानाने धाडलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने उतरून इथे जंगलात अडकला. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, पाणी नाही. त्याच्या फौजेत एक बाई होती. माहूरच्या देशमुखांच्या घराण्यातली विधवा, मोगलांची सरदारीण, औरंगजेबाने ‘रायबागन’ किताब दिलेली. या आंधळ्या खिंडीत फौज घातलीस हे चुकलं, आता शरण जा, असं तिने खानाला सुनावल्याचं परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. खानाने ऐकलं आणि जीव वाचवला. खिंडीतलं स्मारक महाराजांच्या विजयाचं आहे, तसंच असायला हवं. पण मोगलांच्या छावणीत, पुरुष सरदारांत, मराठी बोलणारी ही एकटी बाई रात्री कुणाशी बोलत असेल? तिच्यावर लिहायचं तर धुऊन काढण्याचा मोह फार होईल. ती मनातून स्वराज्याचीच होती, असं कुणीतरी लिहील. तसं लिहू नये. ती समोरच्या बाजूची होती आणि तिला लढाई कळत होती, यातच तिचा रंग आहे.

दुसरी जिऊबाई. नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले तेव्हा ही त्यांची शेवटची बायको, वयाने निव्वळ पोर. नाटकांतून नाना आपल्याला ठाऊक आहेत ते लंपट किंवा मुत्सद्दी, ज्याला जसे हवे तसे. खोपोलीत मात्र ते वेगळेच भेटतात: घाट चढण्याआधी प्रवाशाला पाणी मिळावं अशा जागी बांधलेला मोठा तलाव आणि काठावर वीरेश्वराचं देऊळ. पावसाळ्यात घाटावरून ढग उतरले की पलीकडचा काठ दिसत नाही.

नाना गेल्यावर जिऊबाई लोहगडावर जाऊन राहिली. किल्लेदार धोंडोपंत निजसुरे नानांचा माणूस. गडावर नानांची संपत्ती आहे अशी बोलवा, खाली दुसरा बाजीराव टपलेला. १८०३ मध्ये एका इंग्रज सेनापतीने मध्यस्थी केली: गड सोडायचा, बाईने पनवेलला राहायचं, सालीना बारा हजार रुपयांची हमी कंपनीची. लोहगडाहून पनवेलला उतरायचा सरळ रस्ता बोरघाटाचा, तेव्हा तिची पालखी खोपोलीवरून, नवऱ्याच्या तलावाशेजारून, खालापूर आणि चौक ओलांडून गेली असावी.

तो सेनापती आर्थर वेलस्ली. त्यानेच १८०४ च्या सुमाराला बोरघाटातून तोफा नेण्याजोगी वाट करवून घेतली. अकरा वर्षांनी वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टनचा ड्यूक तो हाच. इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत त्याची हजेरी ठरलेली असते. हेयरबाईंच्या १९३७ च्या त्या कादंबरीत, वॉटर्लूच्या आदल्या रात्रींच्या नाचांमध्ये, तो नायक-नायिकेच्या मागे वावरतो. त्या पुस्तकांत तो कडेचा माणूस. पनवेलच्या जिऊबाईची कादंबरी कुणी लिहिली तर तिथेही त्याला तेवढीच जागा द्यावी: पहिल्या भागात येऊन कागदावर सही करायची आणि निघून जायचं.