कंटेनरचं घर : आधी एवढं माहीत हवं

आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात : २६ एप्रिल १९५६. माल्कम मॅक्लीन यांचं 'आयडियल-एक्स' जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. घर म्हणून ठळक उदाहरण ॲमस्टरडॅमच्या 'कीटवोनेन' या विद्यार्थी वसाहतीचं. तिथे सुमारे १००० खोल्या होत्या.

मापं :
• २० फुटी : आतली जागा साधारण १५० चौ. फूट.
• ४० फुटी : साधारण ३०० चौ. फूट, म्हणजे २८ चौ. मीटर. तुलनेसाठी : २०१५ च्या शहरी पंतप्रधान आवास योजनेत अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराची चटईक्षेत्र मर्यादा ३० चौ. मीटर होती.
• आतली रुंदी दोन्हींत जेमतेम पावणेआठ फूट. उष्णतारोधक अस्तर लावलं की तीही घटते.
• बाहेरची उंची ८.५ फूट; 'हाय क्यूब' ९.५ फूट. छत आतून झाकायचं तर हाय क्यूबच बरा.

भार कुठे? चार कोपऱ्यांच्या खांबांवर. म्हणून एकावर एक रचता येतात. पन्हाळीदार पत्र्याच्या भिंतीही चौकटीला ताठपणा देतात. दार-खिडकीसाठी पत्रा कापला की कडेने लोखंडी चौकट वेल्ड करावी लागते.

जमीन : सुमारे २८ मिमी जाडीचं प्लायवूड, बहुधा कीटकनाशक मुरवलेलं. दारावरच्या पाटीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, बऱ्याचदा लाकडावरच्या प्रक्रियेची नोंदही. जुना कंटेनर घेताना ही पाटी वाचावी.

गल्लत नको : बांधकामाच्या साइटवर दिसणारी पोर्टा केबिन बहुतेकदा नव्या पत्र्याची आणि हलक्या सांगाड्याची असते. ती मालवाहू कंटेनर नव्हे.