राखीव जागेवर गाडी कोणी लावावी?

आज आपल्या समाजात दुचाकी घरोघरी आली आहे, कित्येकांच्या दारात चारचाकीही उभी आहे. ज्यांचे आजोबा १९५६ साली धम्मदीक्षेसाठी पायी नागपूरला गेले, त्यांची नातवंडे आज विहारासमोर गाडी कुठे लावावी या विवंचनेत असतात. ही प्रगती आनंदाचीच आहे. मात्र गाडीबरोबर गाडी लावण्याची शिस्तही आली पाहिजे. त्यातला एक प्रश्न या लेखात मांडायचा आहे. वाहनतळावर दिव्यांगांसाठी राखून ठेवलेली जागा नेमकी कोणाची?

प्रथम एक प्रसंग सांगतो. मागील वर्षी १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला आपल्या विहाराच्या उताराजवळ चुन्याने दोन चौकोन आखून तेथे 'राखीव' अशी पाटी लावली होती. एका चौकोनात प्रमुख पाहुण्यांची मोटार उभी राहिली. दुसऱ्या चौकोनात वीस-बावीस वर्षांच्या एका मुलाने स्कूटर लावली. तेथे असलेला कार्यकर्ता त्याला म्हणाला, "काय रे बाबू, चांगला धडधाकट दिसतोस, अपंगाच्या जागेवर गाडी लावायला लाज नाही वाटत?" मुलगा "बरं काका," एवढेच बोलला, स्कूटर काढून गल्लीच्या टोकाला लावून आला आणि भिंतीचा आधार घेत घेत आत शिरला. भोजनदानाच्या वेळी त्याची आई त्या कार्यकर्त्याजवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, त्याले सिकलसेल आहे. खुब्याचं हाड गेलं त्याचं. कार्ड खिशातच होतं, पण तुम्ही इचारलं नाही."

तो कार्यकर्ता मीच होतो. पाहुण्यांच्या मोटारीबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता, ही गोष्ट तर मला अधिकच लागली.

माझी चूक कोठे झाली? मी पाटीवरचे चित्र पाहिले आणि त्या चित्रासारखा माणूस शोधू लागलो. चाकाच्या खुर्चीची ती निळी-पांढरी खूण १९६८ साली सुझान कोएफोड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने तयार केली. मूळ चित्रात नुसती खुर्ची होती, डोक्याचा गोल पुढे जोडण्यात आला. ही खूण जगभर गेली, पण तिच्यामुळे खुर्चीवर बसलेला तोच दिव्यांग असा एक गैरसमजही पसरला.

कायदा तसे म्हणत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ते २१ झाले. हात-पाय, डोळे, कान यांच्या दोषांबरोबरच पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हेही त्यात आहेत. यातील कित्येक प्रकार नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

सिकलसेलची माहिती तर आपल्या घराघरात असावयास हवी, कारण विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही हा आजार आढळतो. यात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्तपुरवठा तुटला की हाडांत असह्य वेदना उठतात, आणि काहींच्या खुब्याच्या हाडाचा गोळा तरुणपणीच निकामी होतो. सकाळी हसतखेळत असलेल्या मुलाला संध्याकाळी दहा पावलेही टाकवत नाहीत. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला माणूस 'वाहक' असतो. त्याला सहसा त्रास होत नाही, म्हणून वाहक आणि रुग्ण यांत गल्लत करू नये.

आता राखीव जागेचा हेतू पाहू. ती जागा दाराजवळ असते, कारण काहींना प्रत्येक पाऊल मोजून टाकावे लागते. ती रुंदही असते. साधारण मोटारीला अडीच मीटर रुंदी पुरते, पण दिव्यांगांच्या जागेला शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३.६ मीटर लागते. जास्तीची जागा असते ती दार पूर्ण उघडून शेजारी चाकाची खुर्ची लावता यावी म्हणून. तेथे कोणी "जागा रिकामीच आहे" म्हणून मोटारसायकल घुसवली, तर खुर्चीवरचा माणूस गाडीतच अडकून पडतो. "एकच मिनिट" म्हणणाऱ्याच्या एका मिनिटात हेच घडते.

इंग्लंडमध्ये या सवलतीचे निळे ओळखपत्र गाडीच्या नावाने नसते, ते व्यक्तीच्या नावाने असते. २०१९ पासून तेथे न दिसणाऱ्या अपंगत्वाचाही त्यात विचार होतो. आपल्याकडे दिव्यांगांना यूडीआयडी कार्ड मिळते. खोटेपणाने त्यांच्या सवलती लाटणाऱ्यास २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणजे लबाडीला वचक आहेच. माणसाच्या शरीराची तपासणी आपण रस्त्यावर करण्याचे कारण नाही.

या सर्वांवरून आपल्या विहारापुरते पुढील नियम करावेत, असे मला वाटते.

१) जागा व्यक्तीची आहे, गाडीची नव्हे. दिव्यांग व्यक्ती गाडी चालवीत असेल किंवा गाडीत असेल तरच ती वापरावी. आईचे कार्ड घेऊन एकट्या आलेल्या मुलाने वापरू नये.

२) पाहुणे, पदाधिकारी, देणगीदार यांना दारात उतरवून त्यांची गाडी इतरत्र न्यावी. मान आसनावर द्यावा, राखीव चौकोनात नको.

३) पाय मोडलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, दिवस भरत आलेल्या भगिनी आणि वयोवृद्ध यांचीही गरज खरी असते. त्यांच्यासाठी लगतच निराळी जागा आखावी, म्हणजे एका गरजवंताने दुसऱ्याला उठवण्याची वेळ येणार नाही.

४) शंका आल्यास कार्यकर्त्याने हळू आवाजात कार्ड विचारावे. आजार विचारू नये आणि चारचौघांत बोलू नये.

५) बाजूला चाके लावलेल्या स्कूटरला वळायला जागा ठेवावी आणि उताराचे तोंड सदैव मोकळे ठेवावे.

विनयपिटकातील महावग्गात एक कथा आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकरवी पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा आशयाचा उपदेश त्यांनी तेव्हा संघाला केला. संघ उपयोग पाहत होता, बुद्धांनी गरज पाहिली. पाहुण्यांची मोटार राहू देणारा आणि त्या मुलाची स्कूटर काढायला लावणारा मी त्या दिवशी उपयोगच पाहत होतो.

'राखीव' हा शब्द आपल्याला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी तो हक्क म्हणून आपल्या हाती दिला. "तुम्ही तर चांगले दिसता, तुम्हाला कशाला सवलत?" हे वाक्य शाळेत, कचेरीत आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल! बोलणाऱ्याला आपले कपडे दिसतात, त्यामागचा इतिहास दिसत नाही. तेच वाक्य मी विहाराच्या दारात एका आजारी मुलाला ऐकवले. ज्यांना या शब्दाचा अर्थ जगून कळला आहे, त्यांनी तरी दुसऱ्याची राखीव जागा सर्वांआधी जपली पाहिजे.

येत्या वैशाख पौर्णिमेला चुन्याऐवजी पक्क्या रंगाने ते चौकोन आखावेत, अशी संस्थेच्या कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. रंगाचा खर्च मी देईन. आणि त्या दिवशी त्या जागेपाशी उभे राहण्याचे काम मलाच द्यावे.

नमो बुद्धाय! जय भीम!