मनगटावरचा हिशेब आणि अंगमेहनत

महाराष्ट्र पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना एक आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो : ५ मिनिटं १० सेकंद. एवढ्या वेळात १६०० मीटर अंतर कापलं, की मैदानी चाचणीत धावण्याचे २० पैकी २० गुण पदरात पडतात. त्यापुढं वेळ वाढेल तसे गुण उतरतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याची भरती जिल्ह्याच्या मुख्यालयी, म्हणजे ओरोसला होते. सरकारी कागदावर या गावाचं नाव सिंधुदुर्गनगरी. भरतीच्या आधीचे काही महिने पहाटेच्या काळोखात धावणाऱ्या पोरांच्या मनगटावर हल्ली दीड-दोन हजार रुपयांचं स्मार्टवॉच चमकत असतं.

त्या घड्याळानं अंतर मोजण्यात दोन टक्क्यांची चूक केली असं धरू. १६०० मीटरांत ती ३२ मीटर होते. पूर्ण गुणांच्या वेगानं धावणाऱ्याला ३२ मीटर कापायला सहा सेकंद लागतात. म्हणजे घड्याळ ‘जमलं’ म्हणून पाठ थोपटेल आणि प्रत्यक्ष चाचणीत गुण हातचे जातील. स्वस्त घड्याळांत बहुतेक वेळा स्वतःचं जीपीएस नसतं. ती खिशातल्या फोनचं जीपीएस वापरतात, नाहीतर पावलांची संख्या आणि ढांगेची अंदाजी लांबी यांचा गुणाकार करून अंतर सांगतात. दमलेल्या धावपटूची ढांग शेवटच्या फेरीत आखूड होते, गुणाकार मात्र तोच राहतो. म्हणून जाणता प्रशिक्षक मैदानावर टेपनं अंतर आखून घेतो आणि घड्याळाचा उपयोग दोनच गोष्टींसाठी करतो : सेकंद मोजायला आणि धावून थांबल्यावर नाडी किती वेळात खाली येते ते पाहायला. ही दोन्ही कामं घड्याळ चोख करतं.

या यंत्राचं बळ आणि त्याचा दुबळेपणा ओरोसच्या परिसरात शेजारीशेजारी दिसतात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि मुंबई-गोवा महामार्गालगत जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस मुख्यालय अशी आखीव कार्यालयांची नगरी उभी राहिली. इथलं काम खुर्चीवरचं. गावठाण ओलांडलं की भातशेती, माड, काजूच्या बागा. मालवणकडे उतरलं की दर्या. तिथलं काम अंगमेहनतीचं. एकाच कंपनीचं घड्याळ या दोन मनगटांवर बांधलं, तर ते कारकुनाला बरंच काही खरं सांगेल आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकराबद्दल बरंच काही चुकीचं.

कारकुनाला त्याची गरज आहेच. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. बसून राहिलेल्याला उठवायचं काम घड्याळाला जमतं, याला चांगला आधार आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये मांडला. त्यातल्या सहभागींची संख्या सुमारे १ लाख ६४ हजार भरते. असं यंत्र वापरणारे दिवसाला सरासरी १८०० पावलं जास्त चालले आणि त्यांचं वजन सुमारे एक किलोनं उतरलं. किलोचा आकडा लहान वाटेल. पण रोजची १८०० पावलं म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं चालणं, आणि ते वर्षभर टिकलं तर हृदयाला नक्की मानवतं.

याच्या उलट बाजूचा दाखलाही तितकाच महत्त्वाचा आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात ४७१ जणांवर दोन वर्षं चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही गटांना होतं. पुढं एका गटाला यंत्र दिलं, दुसऱ्याला आपल्या नोंदी आपणच ठेवायला सांगितलं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोनं घटलं, बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलोनं. घड्याळ चालायला लावतं. ताटात काय वाढून घ्यायचं, हे ते ठरवू शकत नाही.

आता दहा हजार पावलांच्या आकड्याकडे वळू. घड्याळ हातात आलं की पहिलं उद्दिष्ट तेच लागलेलं असतं आणि ते पुरं झालं नाही तर अनेकांना दिवस वाया गेल्यासारखं वाटतं. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर पसरला. संशोधन त्यावर फार उशिरा झालं. सत्तेचाळीस हजारांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र करणारा २०२२ चा अभ्यास सांगतो, की साठी ओलांडलेल्यांना मिळणारा फायदा ६ ते ८ हजार पावलांच्या आसपास स्थिरावतो, साठीच्या आतल्यांना ८ ते १० हजारांच्या. सत्तरीतल्या आजीनं सहा हजार पावलं केली, तर तिला घड्याळाच्या टोमण्याची पर्वा करायचं कारण नाही.

पावलं मोजायला घड्याळात त्वरणमापक असतो. हाताचा झोका ओळखून तो पाऊल धरतो. गवताचा भारा डोक्यावर घेऊन, दोन्ही हात वर धरून पाणंदीनं येणाऱ्या बाईचा हात झुलत नाही, त्यामुळं तिची कितीतरी पावलं नोंदलीच जात नाहीत. तरव्याच्या मुठी घेऊन वाकून लावणी करणारीचा हात सारखा हलतो, पाय मात्र चिखलात जागच्या जागी असतात. तिथं घड्याळ न टाकलेली पावलं मोजू शकतं आणि वाकलेल्या कंबरेची मेहनत साफ सोडून देतं.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडलेलं असतं. दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा मागं रेलतात, टाचा वाळूत रुततात, इंचाइंचानं पाऊल मागं पडतं. दोरावरची मूठ घट्ट आवळलेली, मनगट वाकलेलं, दंडापासून खाली सगळ्या शिरा तटतटलेल्या. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. त्या चढउतारावरून नाडी काढली जाते. मूठ आवळली, की मनगटाचे स्नायुबंध घड्याळाखाली सरकतात, पट्टा उचलला जातो, बाहेरचा उजेड आत घुसतो, आणि नाडीचा आकडा भलतीकडे जातो. हात पुढंमागं होत नसल्यानं पावलंही थोडीच दिसतात. तासभराच्या कष्टांची नोंद ‘हलकी हालचाल’ अशी पडली, तर नवल नाही.

गोंदणाचं असंच. मनगटावर दाट गोंदण असेल, तर शाई प्रकाश अडवते आणि नाडी लागत नाही; मोठ्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात हे सांगतातही. काकणांमुळं घड्याळ पुढं सरकून मनगटाच्या हाडावर बसतं, तेही टाळावं लागतं. हाडाच्या बोटभर मागं, घट्ट पण न रुतणारा पट्टा, ही योग्य जागा. घाम आणि खारं पाणी पट्ट्याखाली साचून पुरळ उठतं, म्हणून कोकणच्या हवेत पट्टा रोज गोड्या पाण्यानं धुऊन कोरडा करायला हवा.

सर्वांत कच्चा आकडा कॅलरींचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात यंत्रं ६० स्वयंसेवकांवर तपासली. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. जाळलेल्या कॅलरींच्या बाबतीत सगळ्यांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. कारण सरळ आहे : कॅलरी मोजली जात नाही, वय, उंची, वजन, नाडी आणि हालचाल यांवरून सूत्रानं काढली जाते. सूत्रातला माणूस सरासरी असतो. आपलं शरीर त्या सरासरीत बसेलच असं नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रातून जगाला दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, बीएमआय, अगदी सारखा : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपलेली असते आणि मधुमेह त्याच वाटेनं येतो. घड्याळाला उंची आणि वजन तेवढं कळतं. ‘चारशे कॅलरी जळल्या’ म्हणून दोन जादा करंज्या उचलणं त्यामुळं महागात पडतं.

मग घड्याळ जीव वाचवतं म्हणतात, ते खोटं? मुळीच नाही. अॅपल कंपनीच्या घड्याळावर स्टॅनफर्डनं केलेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजार लोक सामील झाले. नाडी अनियमित असल्याचा इशारा त्यांच्यापैकी अवघ्या ०.५२ टक्क्यांना मिळाला. इशारा मिळालेल्या ज्यांनी पुढं छातीवर पट्टी लावून तपासणी पुरी केली, त्यांतल्या ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. हृदयाची ही बेताल धडधड माणसाला पुष्कळदा जाणवतही नाही, पण तिच्यामुळं पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. तो इशारा आला, की रुग्णालयात जाऊन पूर्ण ईसीजी काढून घ्यायलाच हवा. याच जोडीनं दुसरी गोष्ट ठसवायला हवी : घड्याळाचा एका वाहिनीचा ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. छातीत कळ, डाव्या हाताला मुंग्या, दरदरून घाम असताना घड्याळ ‘सर्व ठीक’ म्हणालं, तरी ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायचं. गंभीर रुग्णाला तिथून पुढं गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यावं लागण्याचा प्रसंग या जिल्ह्याच्या चांगला परिचयाचा आहे. त्या वाटेत घड्याळ पाहण्यात गेलेली मिनिटं परवडत नाहीत. रक्तातली साखर कातडीला न टोचता मोजल्याचा दावा करणारं घड्याळ किंवा अंगठी वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी चुकीचा आकडा जिवावर बेततो.

अपघातात घड्याळ कामी आल्याची उदाहरणं महाराष्ट्रातलीच आहेत. जुलै २०२२ मध्ये लोणावळ्याजवळच्या विसापूर किल्ल्यावर गेलेला १७ वर्षांचा मुलगा पाय घसरून शंभराहून अधिक फूट खाली गेला. फोन जवळ नव्हता. मनगटावरच्या घड्याळाला स्वतंत्र मोबाईल जोडणी होती, म्हणून मदत पोचली. मुंबईच्या एका २६ वर्षांच्या तंत्रज्ञाला २०२५ साली पुदुच्चेरीच्या समुद्रात असाच अनुभव आला. सुमारे ३६ मीटर खोलीवर त्याचा वजनाचा पट्टा सुटला आणि तो वेगानं वर फेकला जाऊ लागला. घड्याळानं वेगाचा इशारा दिला, त्याचा भोंगा ऐकून प्रशिक्षक धावला.

तारकर्लीला स्कुबासाठी येणाऱ्यांनी या प्रसंगातून नेमका धडा घ्यावा. ते घड्याळ पाणबुड्यांसाठी बनवलेलं होतं. बाजारातल्या घड्याळावरची ‘५ एटीएम’ ही खूण पन्नास मीटर बुडी मारायचा परवाना समजली जाते. ती प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाची खूण आहे. पोहण्यापुरती ठीक, स्कुबासाठी नाही.

जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या आईबापांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. २००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर उतरली. तरुण मुंबईला, घरं वडीलधाऱ्यांच्या हाती. गणपतीला येणारा चाकरमानी आता आईसाठी घड्याळ घेऊन येतो. पडल्याचं ओळखून निरोप पाठवणारी सोय खरोखर मोलाची आहे. पण साध्या घड्याळाला ब्लूटूथच्या टप्प्यात फोन लागतो, फोनला रेंज लागते, आणि माडांच्या बागेत, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत नेमकी तीच नसते. न्हाणीघराच्या दाराशी, विहिरीवर, गोठ्यात जाऊन निरोप पोचतो का, हे आधी पाहायला हवं.

भारतात २०२३ मध्ये कंपन्यांनी सुमारे सव्वापाच कोटी स्मार्टवॉच बाजारात उतरवली. २०२४ मध्ये हा आकडा साडेतीन कोटींवर घसरला. नव्याची नवलाई ओसरल्याची ही खूण आहे. माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र ओसरलेला नाही. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ अॅपच्या नकाशावरून जानेवारी २०१८ मध्ये परदेशांतले लष्करी तळ उघडे पडले, कारण सैनिक घड्याळ बांधून धावत होते. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तरी पहाटे एकटी धावणाऱ्या मुलीनं आपला रोजचा मार्ग सर्वांना दिसणार नाही, अशी सोय फोनमध्ये स्वतःच करून घ्यावी.

दिवाळीत घरच्यांना घड्याळ भेट देणाऱ्यानं खोकं देऊन गाडी पकडू नये. एक संध्याकाळ आईशेजारी बसावं. जन्मतारीख, उंची, वजन बरोबर भरावं, दहा हजारांचं उद्दिष्ट सहा हजारांवर आणावं, शेजारच्या घरचा नंबर संकटकाळासाठी घालावा. तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजावी आणि घड्याळाच्या आकड्याशी ताडून पाहावी. सकाळी उठल्याउठल्याची नाडी चार आठवडे वहीत उतरवायला सांगावी, आणि रक्तदाब तपासायला जाताना ती वही डॉक्टरांपुढं ठेवावी.