दोन भाषांचा मेंदू
तेव्हा हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये असलेल्या मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आला: एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. हा शिक्षणाचा परिणाम असेल, ही शंका रास्तच. पण निरक्षरांमध्येही असा फरक दिसला. तिसऱ्या-चौथ्या भाषेचा मात्र जादा फायदा आढळला नाही. एक भाषा बोलताना दुसरी आवरून धरावी लागते. या रोजच्या कसरतीने मेंदूची राखीव ताकद वाढत असावी, असं एक स्पष्टीकरण आहे. आजार टळतो, असं मात्र नव्हे. तपासलेले सगळे रुग्णच होते की! शिवाय निवृत्तीनंतर घाईघाईने नवी भाषा शिकून हाच लाभ मिळेल, हे या अभ्यासातून सिद्ध होत नाही.