पसंतीक्रम खरा लिहिता यावा
(उमेदवार आणि जागा : लेखांक ४)

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना राज्यात २०२४ साली सुरू झाली. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरले. उमेदवार महास्वयम पोर्टलवर अर्ज करतात. आस्थापना आलेल्या अर्जांतून निवड करतात. साताऱ्यात रुजू व्हायचे की सांगलीत, हा प्रश्न हौसेचा नसतो. बारावी झालेल्या मुलीला परगावी राहावे लागले, तर खोलीभाडे आणि मेस यांतच विद्यावेतनाचा मोठा भाग जातो. म्हणून जागा कोणत्या नियमाने मिळते, हे तिला आधी कळले पाहिजे.

समजा, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात एक आणि साताऱ्यातील एका कार्यालयात एक जागा आहे. निवड गुणांवर आहे. तासगावच्या मुलाला ८०, कराडच्या मुलीला ७५ आणि वाईच्या मुलीला ७० गुण आहेत. तासगाव आणि कराड यांची पहिली पसंती कुपवाड, वाईची सातारा. कराडच्या मुलीची दुसरी पसंती सातारा आहे.

पहिल्या पसंतीचे अर्ज पाहून जागा लगेच कायम केल्या, तर कुपवाड तासगावला आणि सातारा वाईला जाते. कराडची मुलगी वाईपेक्षा पाच गुणांनी पुढे असूनही घरी बसते. तिची चूक एवढीच, की तिने मनातली पसंती खरी लिहिली.

यावरचा उपाय डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडला : निवड शेवटपर्यंत तात्पुरती ठेवावी. कुपवाडने नाकारलेली कराडची मुलगी साताऱ्याकडे वळते. तिचे गुण जास्त असल्याने वाईची मुलगी मोकळी होते. तिची पुढची पसंती कुपवाड असली, तरी तेथे ८० गुणांचा उमेदवार आहे. आता कोणाचाच अर्ज उरत नाही, म्हणून निवड कायम होते. या पद्धतीत पसंती खरी लिहिल्याने उमेदवाराचे नुकसान होत नाही. अमेरिकेत नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या जागा याच तत्त्वावर भरतात. या विषयातील कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र नियम न्याय्य असून भागत नाही, तो तपासताही आला पाहिजे. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सांगलीचे वालचंद येथे कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेणाऱ्यांना गुणवत्ता यादी आणि कटऑफ पाहण्याची सवय आहे. प्रशिक्षणाच्या जागांसाठीही तेच हवे : जागांची संख्या व निकष अर्जाआधी जाहीर व्हावेत, समान गुण असल्यास प्राधान्य कोणाला, हे लिहिलेले असावे, मुलाखत असेल तर तिचे गुण स्वतंत्र दाखवावेत, आणि आक्षेपासाठी मुदत असावी.

अशा नियमांनी जागा वाढत नाहीत. वरच्या उदाहरणात वाईच्या मुलीला जागा मिळालीच नाही. पण साताऱ्याचा कटऑफ ७५, कुपवाडचा ८० आणि आपले गुण ७०, हे ती स्वतः पडताळू शकते. वशिल्याची शंका तेथेच मिटते.